कडू मेंदीचा शिपाई

कुसाबाई काथ्या आणायला देवळाली कॅम्पाच्या बाजारात गेली, तेव्हा तिच्या मनात भीतीबिती काही नव्हती. काथ्याच्या दोन गुंड्या, लेकीच्या लाडवांसाठी पावशेर डिंक, आणि उन्हं चढायच्या आत घरी, एवढंच डोक्यात. एकोणऐंशी सालचा पौष. डोंगराकडं तोफांचा सराव चाललेला. धडाम् झालं की दुकानातली भांडी किणकिणायची.

काथ्या हवा होता शिपायाला बांधायला. शिपाई म्हणजे जिवंत नव्हे, कडू मेंदीचा. तिचा नवरा केरू कॅम्पातल्याच एका बंगल्यावर माळी होता. कडू मेंदी बारा महिने हिरवी, शेळीसुद्धा तोंड लावत नाही, म्हणून साऱ्या आवाराला तिचंच कुंपण. केरूनं दोरी धरून ते भिंतीसारखं सरळ कातरलेलं. आणि फाटकाशी तारेचा सांगाडा रोवून, कोवळ्या फांद्या त्याला बांधत, कातरत, चार वर्षांत पुरुषभर उंचीचा शिपाई उभा केला होता. सलाम ठोकणारा. दिवाळीच्या तोंडावर केरू कातर हातात घेऊन त्याच्या पायाशी जरा टेकला, तो उठलाच नाही.

पुढं महिन्याभरात शिपायाच्या हातातली तार गंजून तुटली आणि हात लोंबायला लागला.

"कुसाबाई, हा सलाम ठोकतोय की माशा हाकतोय?" बंगल्याच्या मोठ्या बाई म्हणाल्या. "चार दिवसांवर बागांची स्पर्धा आलीय. हात वर पाहिजे. नाही जमलं तर मला दुसरा माळी बघावा लागेल. आणि माळ्याची खोली माळ्याला द्यावी लागते, तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. हरसूलकडचं घर दिरानं केव्हाच गिळलेलं. खोलीत लेक विमल बाळंतपणाला आलेली, नववा लागलेला. तिला घेऊन जायचं कुठं?

हातात घालायला तार नव्हती. पण पडवीत दीड हात बांबू उभा होता. केरूची तिरडी बांधून उरलेला. असला तुकडा घरात ठेवत नाहीत, मढ्याबरोबर जाळतात नाहीतर दारणा नदीत सोडतात. त्या दिवसाच्या रडारडीत तो राहून गेला होता. चांगला वाळलेला, सरळ, अगदी मापाचा. कुसाबाईनं इकडंतिकडं बघितलं, तो शिपायाच्या हातात घातला आणि नव्या काथ्यानं कपाळाशी करकचून बांधला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला बघते तर हात खाली आलेला. लोंबत नव्हता. ताठ, आडवा, खोलीच्या दारावर रोखलेला.

तिनं जवळ जाऊन बघितलं. काथ्या सुटला नव्हता. कुणीतरी सोडून पुन्हा बांधला होता. दोन वेढे, आणि टोक उलट्या अंगानं आत खोचलेलं. केरू डावखुरा होता. अशी गाठ तो एकटाच मारायचा.

तिनं गाठ कापली, हात वर बांधला. तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. वर कोवळे कोंब चार-चार बोटं पुढं आलेले, आणि तेही खोलीच्याच बाजूनं. पौषातल्या थंडीत कडू मेंदी झोपलेली असते. नखाएवढीसुद्धा वाढत नाही.

ती तशीच खोलीत येऊन बसली. मांडीवर कातर. बाहेर लख्ख ऊन होतं, पाखरू बोलत नव्हतं. आणि कुंपणाकडून आवाज आला. कच्... कच्... कच्...

विमलनं पडल्या पडल्या मान वळवली. "आई... काल पण आला होता हा आवाज. मला वाटलं, तूच कातरतीयास."

कुसाबाईनं मांडीवरच्या कातरीवर पदर ओढला. "मीच होते," ती म्हणाली.

संध्याकाळी बंगल्यावर स्वयंपाक करणारी धोंडाबाई आली. आवारातल्या चार बाळंतपणांना हीच सुईण. फाटकातून येताना तिनं फांद्या बाजूला करून आत डोकावलं होतं.

"कुसे, त्या हातात काठी कसली गं?"

"हाय एक... पडून होती."

"केरूच्या वेळची?"

कुसाबाईनं खोलीचं दार ओढून घेतलं.

"अगं बया! नवरा पोचवलास का दाराशी उभा केलास? काढ आधी ती!"

"हळू बोल, पोरगी ऐकंल. परवा माणसं येणार बघायला. काठी काढली तर हात पडतोय, हात पडला तर खोली जातीया. दोन दिवस जाऊ दे, धोंडाबाई... मग मी सोता दारणेत टाकून येते."

"त्याला दोन दिवस कळतात व्हय?" धोंडाबाई एवढंच म्हणाली आणि आत विमलचं पोट बघायला गेली.

स्पर्धेच्या दिवशी हात बरोबर कपाळाला होता. कुसाबाईनं बांधला नव्हता. बघणारी माणसं थांबली, हसली, एकानं तर शिपायाला उलट सलाम ठोकला. पहिला नंबर आला. "खोली तुझीच," मोठ्या बाई म्हणाल्या. माणसं फाटकाबाहेर पडतात तोच विमलनं हाक मारली. कळा सुरू झाल्या होत्या.

नातू झाला. मग शेक, शेगडी, लाडू, धुणी... काठीचं राहूनच गेलं. मेंदीच्या शेंड्यावरही नजर टाकायची तिला भीती वाटायची.

बाराव्या दिवशी धोंडाबाईनं आढ्याला लुगड्याची झोळी बांधली आणि बाळाला आत निजवलं. आत बायका गात होत्या. दुपार झाली होती. कुसाबाई मनाचा धडा करून कोयती घेऊन फाटकाशी गेली. शिपायाचा हात वर होता, ताठ. तिनं डोळे मिटून पानांत हात घातला. चाचपला. कोपरापर्यंत घातला.

काठी नव्हती. काथ्याचे वेढे होते, जागच्या जागी, आत पोकळी धरून. हात कशावरच उभा नव्हता.

ती धावत खोलीत आली. बायका पानसुपारी घेऊन गेल्या होत्या. विमलला झोप लागलेली. झोळी आपली आपण हलत होती, सावकाश. झोळीचं कापड बाळाच्या तोंडावर मिटू नये म्हणून वर आडवी काठी घालतात. तशी घातली होती. दीड हाताची.

"धोंडाबाई..." तिनं वर बोट दाखवलं. "ही काठी... कुठून आणलीस?"

धोंडाबाई चुलीपासून वळली. "मी कुठं आणली? मी बाळाला निजवून काठी हुडकायला गेले, आले तर घातलेली. म्हटलं तूच घातलीस."

कुसाबाईनं दोन्ही टोकं बघितली. दोन वेढे, टोक उलट्या अंगानं खोचलेलं. बाळ जागं होतं. रडत नव्हतं. काठीकडं टक लावून बघत होतं.

तिनं गाठीला हात लावला आणि तिथंच थांबली. वाळक्या बांबूच्या पेरातून एक कोंब फुटला होता. त्याला कडू मेंदीचं एकच पान, ओलं, हिरवंगार.

आणि पानाचा शेंडा कातरीनं सरळ कापलेला होता. नुकताच. अजून रस गळत होता.