सोबतीचा खडा

ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल हसा. पण ही गोष्ट मी कुठे वाचलेली नाही, की कुणाकडून उडत उडत ऐकलेली नाही. माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या, रेणूच्या घरात घडली आहे. रेणू सनीव्हेलला चिप डिझाइन करते. भुताखेतांचं नाव काढलं की आमची टर उडवणारी बाई.

आता उडवत नाही.

जागा म्हणजे कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला, सिएरा नेवाडाच्या डोंगरातलं एक जुनं सोन्याच्या खाणीचं गाव. नाव मुद्दामच सांगत नाही. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. फेब्रुवारीतला रविवार होता, भर दुपार, आणि आजूबाजूला जत्रेसारखी माणसं.

त्या गावाची एक गंमत आहे. दीडशे वर्षांपूर्वी बर्फाने खाणी बंद पडल्या की रिकामे बसलेले खाणकामगार डोंगरावरून शर्यती लावायचे. पायाला दोन पुरुष लांबीच्या लाकडी फळ्या, हातात एकच काठी, आणि नाकासमोर सरळ खाली. वळायचं नाही, थांबायचं नाही. आज टीव्हीवर जे चकाचक स्की रेसिंग दिसतं, त्याचे हे खापरपणजोबा. फळ्यांना खालून मेण फासायचे, म्हणजे त्या पळतात. मेणाची कृती म्हणजे ज्याचं त्याचं गुपित, बायकोलासुद्धा सांगायचे नाहीत. देवमाशाचं मेण, पाइनचा चीक... आणि कापूर.

हा कापूर लक्षात ठेवा.

अजूनही तिथे वर्षातून एकदा तशाच फळ्यांवर हौशी लोक शर्यत लावतात. रेणूचा नवरा सौमित्र पुण्याचा. लहानपणी बर्फ पाहिला तो फ्रीजमध्ये. पण इथे येऊन त्याला स्कीइंगचं असं वेड लागलं की त्याने त्या शर्यतीत नावच दिलं. त्याची आई, शुभाकाकू, नुकत्याच पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला.

"हाडं मोडून घ्यायची हौस तरी केवढी!"

पण आल्या बरोबर. असे तिघं निघाले.

म्हणजे... शुभाकाकूंच्या हिशोबाने तिघं.

कारण रेणूला दिवस गेले होते. याआधी दोनदा राहिले होते आणि दोनदा सगळं संपलं होतं. सौमित्रचा तो पडलेला चेहरा पुन्हा बघायची तिच्यात ताकद नव्हती. म्हणून या वेळी तिने ठरवलं होतं, तीन महिने पुरे होईपर्यंत कुणालाच सांगायचं नाही. त्यालाही नाही. एवढं एकच मागणं होतं तिचं. हे तरी टिकू दे.

डोंगराच्या पायथ्याशी गाडी लावली. उतरता उतरता शुभाकाकू एकदम थबकल्या.

"अरे देवा! आपण तिघंच निघालो की घरातून. खडा घ्यायचा राहिला!"

आपल्याकडची ही रीत तुम्हाला माहीत असेल. तिघांनी मिळून कुठे जाऊ नये. जावंच लागलं तर एक खडा उचलून बरोबर घ्यायचा. तो चौथा.

"आई, इथे कुठे खडा शोधतेस? सगळीकडे गुडघाभर स्नो आहे," सौमित्र हसायला लागला.

पण काकूंना दिसला.

जुन्या दगडी कुंपणावर. कुंपणावर वीतभर बर्फ साचला होता. फक्त तेवढा एक काळा खडा उघडा होता... कोरडा.

रेणूच्या अगदी ओठावर आलं होतं. 'आई, नका घेऊ. आपण चौघं आहोत.'

तिने गिळून टाकलं.

काकूंनी तो खडा सौमित्रच्या जॅकेटच्या खिशात घातला आणि वरून थोपटला.

"हा आपला चौथा. आता जा बाबा."

शर्यत चार-चार जणांच्या तुकड्यांत व्हायची. वर डोंगरावर वॉल्टर नावाचे म्हातारे गृहस्थ टोल द्यायचे. शाळेत पूर्वी लोखंडी टोल असायचा ना, तसाच. टोल पडला की चौघं सुटायचे.

सौमित्रची पाळी आली तेव्हा वर धुकं उतरलं होतं. रेणू आणि काकू खाली उभ्या होत्या. वर काहीतरी बोलाचाली चालली होती. बराच वेळ टोल पडेना.

मग पडला.

आवाज नुसता कानात नाही, पोटात वाजला. रेणूचा हात आपोआप पोटाकडे गेला.

सर्र... सर्र...

धुक्यातून तिघं बाहेर आले. सौमित्र मधे. ओरडत, डगमगत, काठीवर बसल्यासारखा. खाली येऊन धाडकन आपटला आणि लहान मुलासारखा खो खो हसायला लागला. तिघंही बर्फात पसरून हसत होते.

पण आवाज थांबला नव्हता.

सर्र...

रेणूच्या समोर येऊन थांबला. तिने खाली पाहिलं. बर्फात दोन सरळ ओरखडे. थेट डोंगरावरून आलेले... आणि तिच्या बुटांपाशी संपलेले.

थोड्या वेळाने वॉल्टर खाली आले. चेहरा पांढराफटक.

"तुमचा चौथा माणूस कुठे गेला?" त्यांनी सौमित्रला विचारलं.

"कोण चौथा?"

"तुमच्या तुकडीतला एक जण आयत्या वेळी आला नाही. मी म्हटलं, तिघांना मी सोडणार नाही. तर तू म्हणालास, काळजी नको, आमचा चौथा माझ्याबरोबर आहे. मी वळून पाहिलं. चौघं उभे होते. म्हणून टोल दिला."

सौमित्रने हसत खिशातला खडा काढून दाखवला. ही आमच्याकडची रीत, मी गंमत केली, म्हणाला.

वॉल्टर हसले नाहीत. ते हळूहळू सांगायला लागले. खाणीच्या काळात एकदा असाच टोल पडला होता. चौघं सुटले, धुक्यात शिरले. तिघं खाली आले. चौथा आलाच नाही. त्या उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावरही काही सापडलं नाही. तेव्हापासून इथे तिघांची तुकडी सोडत नाहीत. एक जागा रिकामी दिसली, की ती भरायला तो येतो.

"अमेरिकेत पण असतं का रे हे?" काकूंनी कौतुकाने विचारलं.

रेणू मात्र बुटांपाशी संपलेले ते ओरखडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात कापराचा वास होता. रेणूला वाटलं, काकूंची पूजा चालू आहे. बरं वाटलं तिला. ती देवासमोर गेली.

निरांजन कोरडं. काकू अजून आंघोळीला होत्या.

मग हॉलमधून आवाज आला... सर्र... सर्र... कुणीतरी लाकडावर फडकं घासत असावं तसा. सौमित्रने आठवण म्हणून आणलेली जुनी फळी भिंतीला टेकवली होती. जवळपास कोणी नव्हतं. फळीला हात लावला तर ती गुळगुळीत होती, आणि किंचित कोमट.

त्या दुपारी काकूंनी पानं घेतली. चार.

"आई, कोण येणार आहे?"

"अगं बाई! हात आपोआप गेला बघ."

संध्याकाळी रेणूला रक्ताचा डाग दिसला.

ती ऑफिसचं निमित्त काढून एकटीच डॉक्टरकडे गेली. डॉक्टर बाईंनी सोनोग्राफी केली. ठोके आहेत, पण फार मंद आहेत, म्हणाल्या. वाट बघू. ही 'वाट बघू' रेणूने आधी दोनदा ऐकली होती. पार्किंगमध्ये गाडीत बसून ती ढसाढसा रडली. आणि रडता रडताच तिच्या डोक्यात लख्ख झालं.

जागा रिकामी नव्हतीच. चौथा आधीच होता. त्याच्यावर आपण दुसरा बोलावला.

घरी येऊन तिने सौमित्रच्या जॅकेटच्या खिशात हात घातला. खडा होता. हीटर चालू असलेल्या घरात, कपाटात टांगलेल्या जॅकेटमध्ये... त्या खड्यावर बर्फाचा पातळ थर होता.

"अरे, टाकला नाहीस?" काकू सौमित्रवर कडाडल्या. "काम झालं की तिथेच ठेवून यायचा असतो! त्याला घरी आणतात का कुणी?"

"यार, विसरलो मी! ओके, वीकेंडला ड्राइव्ह करून ठेवून येतो."

"उद्याच जायचं," रेणू म्हणाली. "मी मीटिंग्ज कॅन्सल केल्यात."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते तिथे पोचले. डोंगर ओसाड. एक माणूस नाही. रेणूने खडा स्वतःच्या हाताने कुंपणावर ठेवला. मग डोंगराकडे तोंड करून, मोठ्याने, शुद्ध मराठीत म्हणाली,

"आमच्यात जागा नाही. आम्ही चौघं आहोत. मला मूल होणार आहे. तुम्ही इथेच राहा."

सौमित्र तिच्याकडे बघतच राहिला. काकूंनी तोंडावर हात ठेवला, मग पुढे येऊन तिला घट्ट मिठीत घेतलं. तिघंही रडत होते.

तेवढ्यात वरून टोल पडला.

एकदाच.

टोल तर शर्यतीनंतर उतरवून ठेवतात.

"चला," सौमित्र म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

मागे वळून बघायचं नाही असं काकूंनी बजावलं होतं. रेणूने पाहिलं नाही. पण गाडीत बसताना नजर खाली गेलीच. बर्फात दोन सरळ ओरखडे होते. डोंगरावरून आलेले... आणि गाडीच्या मागच्या दाराशी संपलेले.

हे तिने दोघांनाही सांगितलं नाही. मला सांगितलं, ते खूप नंतर.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर बाई खूश होत्या. ठोके दणदणीत होते. "शर्यत लावल्यासारखं पळतंय बाळ," त्या म्हणाल्या. सौमित्र आनंदाने रडला. रेणूही हसली. हसायलाच हवं होतं.

मुलगी झाली. अनिका. गोड, गुटगुटीत, तल्लख. सगळं व्यवस्थित आहे. थंडी मात्र तिला वाजत नाही.

या उन्हाळ्यात मी जर्सी सिटीहून त्यांच्याकडे राहायला गेले होते. काकूही आल्या होत्या. एका सकाळी ते सगळे देवळात निघाले. मला मीटिंग होती, म्हणून मी दारातूनच टाटा करत होते. अनिका गाडीकडे जाता जाता वाकली आणि बागेतला एक काळा खडा उचलला.

"आजीने शिकवलंय वाटतं," रेणू हसली. "अगं सोन्या, आज नको. आपण चौघं आहोत ना."

अनिकाने बोटं मोजली.

"आजी, बाबा, आई. थ्री."

"आणि तू?"

तिने तो खडा रेणूच्या तळहातावर ठेवला आणि वरून हलकेच थोपटला.

"मी चौथा."

सौमित्र खळखळून हसला. "चौथी म्हण, पिल्लू. चौथी!"

काकूही हसल्या. इथे वाढणारी मुलं बोलताना अशी चुकतातच. माझा मुलगाही 'मी आली' म्हणतो.

रेणू हसली नाही. तिने तळहात नाकाशी नेला, आणि माझ्याकडे पाहिलं. दारात उभ्या असलेल्या मलाही तो वास आला... कापराचा.

त्यानंतर दोन आठवडे मी तिथे होते. अनिकाचं बोलणं कान देऊन ऐकत होते. मी आले, मी जेवले, मी पडले, मी पहिली. कुठे म्हणून चुकत नाही पोरगी.

चुकते ती त्या एकाच शब्दाला.