चष्मा धरलेली बाई

छायाबोध यंत्र आल्यापासून पुनर्वसन कचेरीत फोटोकडे डोळ्यांनी कोणी बघत नसे. फोटो काचेवर ठेवायचा की यंत्र सांगणार, तो कशासाठी काढला आणि त्यात कोण कोणाचं लागतं. धरणाखाली गेलेल्या गावांची दप्तरं जळालेली, तेव्हा विधवांना नवऱ्याच्या वाट्याचं घर मिळायचं ते असल्याच फोटोंच्या जोरावर. यंत्र चुकलं असं कोणी म्हटलंच, तर फोटो वरच्या मजल्यावर इंदुमती वाघचौरेंकडे यायचा. अकरा वर्षं फोटो बघून बाईंचे डोळे पार शिणले होते.

त्या दुपारी वत्सलाबाई तोरणे आल्या. पंचाहत्तरीच्या. फोटोत मधोमध हार घातलेले गुरुजी, भोवती गाव. यंत्राचा शेरा होता: ‘हेतू, शाळेच्या खोलीचं उद्घाटन. उजव्या कडेची स्त्री प्रेक्षक. नातं नाही.’

“लग्नाचा फोटो नाही का?”

“मी आधीची विधवा, पाटाचं लग्न आमचं. त्याचा कुठला आलाय फोटो?”

इंदुमतींनी भिंग घेतलं. सगळं गाव कॅमेऱ्याकडे बघत होतं. गुरुजी मात्र डोळे बारीक करून भलतीकडेच बघत होते आणि त्यांच्या नाकावर दोन वळ होते. कडेच्या बाईच्या हातात पदरात धरलेला चष्मा होता.

“हा त्यांचा?”

“फोटोवाला म्हणाला, काचा चमकतात, काढा. हे चाचपडायला लागले, म्हणून मीच पुढं झाले.”

काचेला बोट लागू नये म्हणून परक्याचा चष्मा कोण पदरात धरतं? इंदुमतींनी दुरुस्ती लिहिली: ‘चष्मा नवऱ्याचा. नातं, पत्नी.’

“घर तेवढं तळमजल्यावर द्या हो,” वत्सलाबाई म्हणाल्या. “गुडघे धरतात.”

आठवड्याने यंत्रविभागाचे खोत वर आले. खुशीत होते. “मॅडम, तुमची दुरुस्ती यंत्रानं उचलली. जिच्या हातात पुरुषाची वस्तू, ती पत्नी. दोनशे दावे निकाली निघाले.”

“आणि जिच्या हातात काही नाही ती?”

“नामंजूर.”

“अहो, मी एका बाईबद्दल लिहिलं होतं.”

“यंत्राला एक बाई कळत नाही, मॅडम. त्याला बायका कळतात.”

इंदुमतींना स्वतःचीच चीड आली. पण चिडायलाही अंगात त्राण लागतं, आणि बाहेर बाकावर माणसं बसली होती.

पहिल्या हौसाबाई खरमाटे. फोटो गावजेवणाचा. पुरुष वाढताहेत, बायका पंगतीत, हौसाबाई मांडीवर हात ठेवून बसलेल्या. शेरा होता: ‘हात रिकामे. नातं नाही.’ इंदुमतींना मात्र पहिल्याच नजरेत दिसलं. साऱ्या पानांवर एकेक जिलबी होती, हौसाबाईंच्या पानावर दोन. हौसाबाई ज्याला नवरा म्हणत होत्या तो वाढणारा पुढच्या पानावर वाकला होता आणि गालातल्या गालात हसत होता.

त्यांनी पेन उचललं. हे लिहिलं तर हौसाबाईंना घर मिळेल, आणि यंत्राच्या नव्या नियमाने ज्यांच्या पानावर एकच जिलबी त्या साऱ्या बाद होतील. नाही लिहिलं तर ही समोर बसलेली बाई बेघर. पेन कागदाला टेकेना.

हौसाबाईंनी त्यांच्या हाताकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, “बाई, खाली सांगतात, नवऱ्याचा चष्मा धरलेल्या बाईला घर मिळालं, माझे हात रिकामे होते. आमच्या मालकांचे डोळे शेवटपर्यंत धड होते हो. मग मी काय धरायला पाहिजे होतं?”