तेराच्या पाढ्यातलं लाल पिंप

"तेरा चोक बावन्न! तेरा पाचे पासष्ट! तेरा…"

धप्प! भिंगरीचा ओला हात नदीत तरंगणाऱ्या लाल पिंपावर आपटला आणि पायऱ्यांवर उभ्या असलेल्या शंकासुराचा पाढा मधेच तुटला.

"तेरा!" भिंगरी पाण्यातूनच किंचाळली. "तेराच्याच पाढ्यात पोचले! पहिल्या दिवशी सतराचा लागला होता! भोंग्या, ऐकलंस का रे?"

"सगळ्या नदीने ऐकलं!" भोंगा काठावरून ओरडला. हा भिंगरीचा मावसभाऊ, तिच्यासारखाच सुट्टीत मावशीकडे आलेला. याचा आवाज इतका मोठा की त्याने कानात गुपित सांगितलं तरी पलीकडच्या काठाला कळायचं. सुट्टीच्या पहिल्याच दिवशी याने घड्याळ नदीत पाडलं होतं, म्हणून शर्यतीची वेळ आता पाढ्यांनी मोजायची. जुन्या पायऱ्यांवरून उडी मारली की शंकासुर बेच्या पाढ्यापासून एका लयीत सुरू करायची, ती पिंपाला हात लागेपर्यंत.

शंकासुर ही खरं तर मुलगी, लाँचच्या मेकॅनिककाकांची. पण "आज काय वार?" विचारलं तरी "नक्की आजचाच ना?" असं विचारणारीला दुसरं काय म्हणणार?

भिंगरी पायऱ्यांशी परतली ती छाती फुगवूनच. मागच्या सुट्टीत हीच मुलगी गुडघाभर पाण्यात उभी राहून रडली होती. तेव्हा मावशीने तिच्या हनुवटीखाली तळहात धरला होता. रोज, न कंटाळता, न रागावता. कधीतरी तो तळहात हळूच निघाला आणि भिंगरी तरंगतच राहिली!

"मावशी, बघितलंस ना?"

"बघितलं गं, माझी मासोळी," मावशी म्हणाली. ती खालच्या पायरीवर मांडीवर रबरी चाक घेऊन बसली होती. पण तिचं हसू ओठांशीच थांबलं होतं.

एरवी या वेळी मावशी पायऱ्यांवर कशाला असती? ती लाँचच्या सुकाणूवर असायची. पलीकडच्या काठावरच्या दवाखान्यात जाणाऱ्या नर्सबाई, कारखान्यातले कामगार, भाजीच्या टोपल्या, सायकली, सगळं सगळं मावशीच सुखरूप ने-आण करायची. पण काल संध्याकाळी भरलेली लाँच गाळात रुतून बसली. कुणाला खरचटलंही नाही, पण आरडाओरडा केवढा झाला! आज सकाळी तिच्या हातातून सुकाणू काढून घेतलं. दुपारी जलमार्ग कचेरीतून तपासनीस मॅडम येणार होत्या. मावशीची चूक ठरली, की परवाना गेलाच!

"मी नेहमीसारखीच पिंपाच्या पलीकडून गेले होते," मावशी स्वतःशीच पुटपुटली. "पिंप आणि काठ यांच्यामध्ये गाळाचा उंचवटा, पिंपापलीकडे खोल पाणी. झोपेतसुद्धा चुकणार नाही मी. की डोळेच दगा द्यायला लागले?"

काहीतरी बोलून मावशीला हसवावं म्हणून भिंगरी म्हणाली, "भोंग्या, आता तू! मावशीला जरा करमणूक!"

भोंग्याचं पोहणं म्हणजे पाण्यावर उगवलेला सूड. हात एकीकडे, पाय दुसरीकडे, आणि मधे "आई गं!" पहिल्या दिवशी तर एकोणीसचा पाढा संपला तरी गडी वाटेतच. आज मात्र शंकासुर "चौदा सत्ते अठ्ठ्याण्णव" म्हणाली आणि भोंगा पिंपाला मिठी मारून लटकला!

"मी पण चँपियन!" नदी दणाणली.

शंकासुराने डोळे बारीक केले. "मला एक शंका आहे."

"आली!" भिंगरी म्हणाली.

"तू रोज सराव करतेस. तू वेगवान झालीस, मान्य. पण हा? हा तर सुट्टीभर फक्त खातोय! हा कसा वेगवान झाला?"

"मला उपजतच…" भोंगा ओला होऊन वर येत म्हणाला.

"गप रे. भिंगरे, मला वाटतं, तुम्ही कुणीच वेगवान झाला नाही. पिंपच जवळ आलंय."

भिंगरीचे कान तापले. "तू जळतेस! तुला पोहता येत नाही ना, म्हणून! मी वेगवान झालेय, असं काल मी धक्क्यावरच्या सगळ्यांना सांगितलंय, तिकीटवाल्या आजोबांनी मला गोळीसुद्धा दिली!"

"गोळी खाल्लीस म्हणून पिंप लांब जाणार आहे का?"

भिंगरी पाय आपटत वरच्या पायरीवर जाऊन बसली. शहाणी कुठली! म्हणे पिंप जवळ आलं! पिंप काय पोहतं? आणि तेवढ्यात तिची नजर मावशीच्या वाकलेल्या पाठीकडे गेली.

पिंप जवळ आलं असेल तर… खोल पाणी पिंपाच्या पलीकडे नाही, पिंपाच्या *खूप* पलीकडे! मावशी पिंपाला धरून गेली आणि थेट गाळाच्या उंचवट्यावर! मावशीचे डोळे ठीक होते. मावशीचं काहीच चुकलं नव्हतं!

म्हणजे तेराचा पाढा खोटा.

भिंगरी तडातड पायऱ्या उतरली. "शंकासुरे, तू बरोबर आहेस. चल, कामाला लागू!"

"नक्की ना?" शंकासुर म्हणाली. सवयच ती!

तिघांनी मावशीला सगळं सांगितलं. ती क्षणभर ताठ झाली, पण मग तिने मान हलवली. "पुरावा नसताना बोलले, तर लोक म्हणतील, स्वतःची चूक पिंपावर ढकलतेय. आणि त्या पिंपाखाली काँक्रीटचा ठोकळा आहे रे पोरांनो, साखळीने बांधलेला. तो हलवणार कोण?"

कोण हलवणार? पायऱ्यांच्या एका बाजूला, धक्क्याच्या तोंडाशी, काठाला लागून ड्रेजर उभा होता. ड्रेजर म्हणजे तरंगता कारखानाच! पुढचा दातेरी गोळा पाण्यात बुडवून गरगर फिरवायचा, तळाचा गाळ खरवडायचा, पंपाने ओढायचा आणि लांबलचक पाइपातून काठामागच्या खड्ड्यात ओकायचा. हे करताना तो डावी-उजवीकडे सरकायचा. त्यासाठी त्याच्या दोन्ही बाजूंना दोन पोलादी तारा आणि तारांच्या टोकांना पाण्याच्या तळाशी नांगर. ज्या बाजूची तार गुंडाळली, त्या बाजूला ड्रेजर सरकणार.

त्याचा भोंगा वाजला, आपला भोंगा नव्हे, आणि काम सुरू झालं. तिघं पायऱ्यांवर दबा धरून बसली. नदीच्या बाजूची तार ताणली गेली, पाण्यातून सळसळत वर आली…

"अगं बाई!" भिंगरी पुटपुटली. "ती तार बघा कुठे जातेय!"

तार थेट लाल पिंपाच्या बुडाशी जात होती! ड्रेजर त्या बाजूला सरकला आणि पिंपाने हळूच मान डोलवली.

"त्यांनी नांगर टाकलाच नाहीये!" शंकासुर पहिल्यांदाच शंका न घेता बोलली. "तार पिंपाच्या ठोकळ्यालाच अडकवलीय!"

तिघं धावत मुकादमाकडे गेली. मुकादम म्हणजे ड्रेजरवरच्या माणसांचा म्होरक्या. मिशा पिळदार, मन मोठं आणि कंटाळा त्याहून मोठा. तो पोट धरून हसला. "ठोकळा सरकतो? हत्ती लावलात तरी नाही सरकणार! जा, खेळा जा."

"आता?" भोंग्याने विचारलं.

"आता आपणच दाखवायचं," भिंगरी म्हणाली. तिने मावशीच्या पडवीतून दोन सरळ काठ्या आणल्या. एक पाण्याजवळ रोवली, दुसरी तिच्यामागे वरच्या पायरीशी. मागून एक डोळा मिटून पाहिलं की पुढची काठी, मागची काठी आणि लाल पिंप एका रेषेत! पिंप ड्रेजरकडे तिरकं केसभर जरी सरकलं, तरी रेषेबाहेर दिसणार.

दुपारी तपासनीस मॅडम आल्या. रबरी बूट, उन्हाने रापलेला चेहरा, आणि प्रश्न मोजून-मापून. धक्क्यावर ही गर्दी! मावशी मान ताठ ठेवून उभी होती, पण पदराचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं.

"पिंप जागेवर आहे ना?" मॅडमनी विचारलं.

"अगदी जागेवर!" मुकादम म्हणाला.

आणि ड्रेजर? तो तर बंद! तपासणीसाठी मुकादमाने काम थांबवलं होतं. मशीन चाललं नाही तर पिंप हलणार कसं? भिंगरीने भोंग्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्याने मान डोलवली आणि घसा साफ केला.

"मुकादमकाका! शाळेतली मुलं म्हणतात, तुमचा ड्रेजर म्हातारा झालाय! त्याला धाप लागते म्हणे!"

"धाप? माझ्या मशीनला?" मुकादमाच्या मिशा उभ्या राहिल्या. "अरे, दगड गिळून ढेकर देत नाही तो! मॅडम, एवीतेवी आलाच आहात, तर दाखवतोच! ए, चालू कर रे! पूर्ण जोर लाव!"

दातेरी गोळा घरघरला, तार ताणली गेली.

"मॅडम!" भिंगरी पुढे झाली. "इथे बसता का? एक डोळा मिटून या काठ्यांमधून पिंप बघा."

"कुठला डोळा?"

"कुठलाही! पण पटकन!"

मॅडम खरंच पायरीवर बसल्या. बघता बघता पिंपाने एक हिसका खाल्ला, मग दुसरा, आणि काठीच्या आडून त्याची लाल कड हळूच बाहेर डोकावली.

"थांबवा!" मॅडम ताडकन उठल्या. "तार वर घ्या!"

तार वर आली. तिच्या टोकाला नांगर नव्हताच! होता नुसता आकडा, आणि तो पिंपाच्या साखळीत घट्ट अडकलेला.

मुकादमाच्या मिशा खाली आल्या. "मॅडम… ड्रेजर पुढे सरकला की दर वेळी छोट्या होडीतून नांगर उचलून पुन्हा टाकावा लागतो. कंटाळा येतो. ठोकळा आयताच होता… मला खरंच वाटलं, तो हलायचा नाही." मग तो मावशीकडे वळला आणि हात जोडले. "ताई, माझ्या आळसापायी तुमच्यावर बालंट आलं. माफ करा."

मॅडमनी पुन्हा मुलांकडे पाहिलं. "तुम्हाला हे सुचलं कसं?"

सगळा धक्का कान टवकारून उभा होता. तिकीटवाले आजोबासुद्धा! भिंगरीने एकदा पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि मग सरळ मॅडमच्या डोळ्यांत.

"मी पिंपापर्यंत फार लवकर पोहायला लागले होते. मला वाटलं, मी खूप वेगवान झाले. पण मी नाही झाले. पिंप जवळ आलं होतं. शंकासुराने ओळखलं, मी आधी तिच्याशी भांडले."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "स्वतःचा विक्रम मोडून खरं सांगणारी माणसं मला कचेरीतही फारशी भेटत नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि शंका घेणारी हवीतच. आणि हा आवाज…" त्यांनी भोंग्याकडे पाहून कानाला हात लावला. "हाही आज उपयोगी पडला. शाब्बास! ताई, तुमच्या कामात काही चूक नाही. सुकाणू तुमचंच."

मावशीने तिघांना एकदम कवेत ओढलं. भोंग्याचं नाक शंकासुराच्या वेणीत गेलं. "मला वाटत होतं, माझे डोळे गेले," ती हलकेच म्हणाली. "तुम्ही ते मला परत दिलेत रे."

"तू मला पाणी दिलंस मावशी," भिंगरी पुटपुटली. "मी एवढंसं केलं."

संध्याकाळपर्यंत ठोकळा मूळ जागी गेला. मॅडमनी लांब काठीने स्वतः पाण्याची खोली मोजली, तेव्हाच पिंप सोडलं. मग लाँच निघाली. नर्सबाई, कामगार, टोपल्या, सायकली आणि आपली तिघं, सगळे दाटीवाटीने. पिंप जवळ आलं तसं सगळे गप्प झाले, भोंगासुद्धा! लाँच पिंपाच्या पलीकडून सुळकन पुढे गेली. खाली खोल, हिरवं, मोकळं पाणी!

टाळ्यांचा कडकडाट झाला. तिकडे मुकादम स्वतः छोट्या होडीत बसून, घामाघूम होत, नवा नांगर टाकायला निघाला होता.

"भिंगरे, लाँचची शिट्टी वाजव," मावशी म्हणाली.

"त्यांच्यासाठी? त्यांनी तर तुला…"

"चुकला गं तो. पण ही वाट उघडी राहते ती त्याच्या गाळ उपसण्यामुळेच. वर्षानुवर्षं मी त्याने साफ केलेल्या पाण्यातून जातेय, आणि साधे आभार मानले नाहीत कधी. वाजव."

भिंगरीने शिट्टीची दोरी दोन्ही हातांनी धरली आणि लोंबकळलीच! पूऽऽऽऽऽऽऽ! काठावरचे बगळे उडाले, सायकलवाला दचकला. मुकादमाने होडीतून टोपी काढून हलवली, तरी भिंगरी दोरी सोडेना.

"पुरे, पुरे!" मावशी हसत हसत ओरडली. अगदी डोळ्यांपर्यंत हसत! "आभार मानायला सांगितलेत, कान फोडायला नाही!"