बरणीतलं तांबडं पाणी

“इंदे, तूच केलंस हे! खरं सांग!”

केदारी बरणी छातीशी धरून अंगणात उभा होता. बरणीतलं टोमॅटोचं रोप आठ दिवसांत पार पिवळं पडलं होतं. मातीचा कणही नाही, नुसत्या पाण्यात वाढणारं रोप! निपाणीच्या शाळेतल्या मास्तरांनी त्याला ते शिकवलं होतं. बरणीला काळं फडकं गुंडाळायचं आणि दर रविवारी मास्तरांनी दिलेली क्षारांची पूड पाण्यात मिसळायची. १९४६च्या मे महिन्यात ते घेऊन तो शहापुरात मामाकडे सुट्टीला आला, आणि विणकरांची अख्खी गल्ली बघायला लोटली.

मामेबहीण इंदूचा नुसता जळफळाट झाला. का होणार नाही? तिचे आप्पा, तम्मण्णा, या सुट्टीत तिला मागावर बसवणार होते. त्यासाठी तीन वर्षं तिने मुकाट्याने सूत गुंडाळून कांड्या भरल्या होत्या. पण केदारी आला आणि आप्पांच्या तोंडी एकच, “आमचा केदारी लई हुशार!”

“मी हात न्हाय लावला,” इंदू म्हणाली.

“मग काय भुतानं लावला?”

आप्पा मागावरून उठले. “इंदू, खरं काय ते कळंपातूर मागाजवळ यायचं न्हाय. केदारी, चल रं, तुला धोटा फेकायला शिकवतो.”

धोटा! मागावर आडवं सूत घेऊन धावणारा तिचा धोटा! इंदूला रडूच फुटलं. रोप वाळावं असं तिने मनात शंभरदा म्हटलं होतं, पण हात लावला नव्हता.

“आक्का, मरू दे की त्याचं रोप!” धाकटा भाऊ शामू म्हणाला.

“आणि मी जन्मभर कांड्याच भरू व्हय रं?”

डोळे धुवायला ती हौदाकडे गेली आणि थबकली. हौदाजवळचा मरगळलेला दोडक्याचा वेल आठ दिवसांत हिरवागार होऊन कुंपणावर चढला होता. त्याला कोण काय घालतंय?

संध्याकाळी तिने सूत रंगवायच्या कढईतला चमचाभर तांबडा रंग आणला.

“अगं, रोप मरंल!” केदारी ओरडला.

“तसंबी मरतंयच. चोर तरी सापडंल. आणि तूच ओत! पुन्हा माझ्यावर आळ नको!”

त्याने कुरकुरत ओतला.

सकाळी बरणीतलं पाणी स्वच्छ, आणि वेलाच्या बुडाशी माती तांबडी! तेवढ्यात भाकरी वाढायला बायाक्का आत्या आली. तिची बोटंही तांबडी!

“आत्या, बरणीतलं पाणी तू पालटतीस?”

“व्हय की! रोज पहाटे घरातलं समदं शिळं पाणी ओतून ताजं भरते. आज तर पार नासलं हुतं, लालभडक! वाया कशाला, म्हणून वेलाला घातलं.”

“मावशी, त्यातच रोपाचं जेवण असतंय!” केदारीने कपाळावर हात मारला. “रविवारी टाकलेली पूड सोमवारी दोडक्याच्या पोटात!”

“अगं बाई! मला काय ठावं?”

आप्पा हसले, मग गंभीर झाले. “इंदू, उगाच तुझ्यावर आळ घेतला. शाबास पोरी! बस मागावर.”

धोटा हातातून गेला तसं केदारीचं तोंड उतरलं. इंदूला ते तोंड ओळखीचं होतं. गेले आठ दिवस ती स्वतः तेच घेऊन फिरत होती.

“रागावू नको रं,” ती म्हणाली. “तुलाबी मिळंल की धोटा.”

“कधी?”

इंदूने कांड्यांची टोपली त्याच्यापुढे सरकवली.

“तीन वर्षांनी!”