उंबऱ्यातला खिळा

कुरुळीचा ज्योतीराम माझ्याच लाइनवर काम करायचा, त्यामुळे ही ऐकीव गोष्ट नाही. कंपनीची बस येईस्तोवर ऐका, अन् मधे दात काढू नका.

मार्गशीर्षातली अमावस्या. ज्योतीराम संध्याकाळी गिरणीवरून तांदळाचं पीठ दळून घेऊन आला. उद्या त्याच्या दिग्विजयचा दहावा. विलायतेत पुरातत्त्व शिकणारा पोरगा सुट्टीवर काय आला, अन् चाकणच्या चौकात कंटेनरखाली गेला. ज्योतीरामला रडू फुटत नव्हतं. कुणी सांगेल ते काम तो करत होता, बस्स.

दहाव्याच्या आदल्या रात्री दिव्यापाशी पीठ पसरतात. गेलेला येऊन गेला तर पाऊल उमटतं. त्याच्या बायकोचा, सावित्रीबाईचा, सगळा जीव त्या पिठात अडकला होता. पण ज्योतीरामची थोरली बहीण जाईबाई त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "तरणा गेलाय. उंबऱ्याला खिळा मार, न्हाईतर घर सोडायचा न्हाई."

ज्योतीरामनं बायकोला न सांगता हाताला लागला तो खिळा ठोकला. तो दिग्विजयच्या बॅगेतला होता. तिकडे रोमन लोकांचा सरहद्दीवरचा किल्ला उकरताना वेशीच्या चिखलात पहारेकऱ्याचा बूट निघाला होता. दोन हजार वर्षांचा, तळवाभर खिळे. त्यातला एक पोरानं गुपचूप खिशात घातला होता.

मध्यरात्री लाइट गेली. सावित्रीबाईचा नुकताच डोळा लागला होता. अंगणात पावलं वाजली. अनवाणी. दाराशी थांबली.

"आबा..."

ज्योतीरामनं दार उघडलं. कुणी नाही.

"आबा, दारात कोण उभाय? मला आत सोडंना..."

उंबऱ्यावर लोखंड घासल्याचा आवाज. जड. एकाच जागी...

ज्योतीरामनं पक्कड आणली. खिळा उपटला.

आवाज थांबला. मग काहीतरी त्याच्या अंगाला घासून आत गेलं. थंडगार.

"दिगू?"

...

पहाटे त्यानं आधी पाहिलं. पिठात एकच पाऊल होतं. बुटाचं. तळवाभर ठिपके.

मागून सावित्रीबाई उठली. "आला व्हता का वो?"

ज्योतीरामनं पिठावरून हात फिरवला.

"व्हय. आला व्हता."

त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर रडली. तो तिच्या शेजारी नुसता बसून राहिला.

पीठ त्यानं नदीला सोडलं. फरशी घासून घासून धुतली. ठिपके अजून आहेत. मी हात लावून पाहिलेत.