कोऱ्या कानांची भलरी

सभागृहातल्या नऊशे माणसांनी ती भलरी अकरा वर्षांत कितीदा तरी ऐकली होती, आणि आज ती पुन्हा पहिल्यांदाच ऐकली.

ही किमया ‘कोरकंपा’ची. छतातून सुटणाऱ्या या लहरी कानाला जाणवत नसत; पण गाण्याची चाल आणि ते ऐकल्याची आठवण, दोन्ही मेंदूत मुरूच देत नसत. डोळे भरून येत, टाळ्या पडत आणि दाराबाहेर सगळं पुसलं जाई. त्यामुळे लोकगीतं कधी शिळी होत नसत. लहरी अडवणारं बूच फक्त गाणारणीच्या, म्हणजे केराबाई लोंढ्यांच्या कानात असे.

केराबाईंचा मात्र या ताजेपणाला जीव विटला होता. भलरी हे कापणीचं गाणं. एकीनं ओळ उचलायची, बाकीच्यांनी मागून झील द्यायची. शास्त्रज्ञांनी झीलकरणींना खुशाल श्रोत्यांत धरलं आणि त्यांना बूच दिलंच नाही. वर्षभरात पाचही जणी चाल विसरल्या. त्यांत केराबाईंची लेक सुलीही. तेव्हापासून झील यंत्रातून येई. केराबाई ओळ टाकत आणि भिंत उत्तर देई. भरल्या सभागृहात त्यांना फार एकटं वाटे.

“डाक्टरीणबाई, पंधरा दिस त्ये बंद ठिवा,” त्यांनी कोरकंप सांभाळणाऱ्या डॉ. अश्लेषा ढवळीकरांना गळ घातली. “माझी सुली शिकंल.”

“मावशी, रेकॉर्डिंग आहे की. गाणं कुठं पळून जातंय?”

“रेकाडिंग चुकतंय व्हय कधी? चुकल्याबिगर, हसल्याबिगर भलरी व्हती का?”

डॉ. ढवळीकरांनी कंप बंद केला. केराबाई रोज दुपारी सुलीला घेऊन बसल्या. सोळाव्या दिवशी डॉ. ढवळीकरांनी सुलीचा मेंदू तपासला आणि केराबाईंना बाजूला बोलावलं.

“मावशी, वापर नसला की पायवाट बुजते ना, तसं झालंय. चाल धरून ठेवणारी जागाच बुजलीय. आता कंप नसला तरी ना चाल टिकणार, ना ती ऐकल्याची आठवण.”

“माझ्या एकल्या सुलीचंच?”

“ऐकायला आलेल्या सगळ्यांचंच. या शहरात कुणी घरी गुणगुणत नाही, हे आमच्या ध्यानातच आलं नाही.”

केराबाई घरी आल्या. कुणाशी बोलावंसं वाटेना, म्हणून भाजी निवडता निवडता त्या स्वतःशीच भलरी म्हणू लागल्या. सुली हातातलं काम टाकून धावत आली. तिचे डोळे भरले होते.

“आये, किती ग्वाड गं! ह्ये मला कधीच का न्हाई शिकिवलंस?”

केराबाईंनी तिला जवळ बसवलं आणि पहिली ओळ सांगितली. काल सांगितली होती तीच.