साठ कपाटे आणि एक फुलपाखरू

बालवाचकहो, यापुढे जी कथा मी आपणांपुढे सादर करीत आहे, ती एकोणीसशे छप्पन सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरच्या दिवशी, दुपारी दोनपासून सायंकाळी साडेपाचपर्यंत एवढ्याच अवधीत घडते. तीत राक्षस नाही, भुयार नाही, गुप्तधनही नाही. चार वर्षांची एक मुलगी आहे, क्रोशाच्या सुईने विणलेली एक पिशवी आहे, आणि न पाहता मोहर उठवणारा एक मोठा माणूस आहे. एवढ्यावरूनही काळजाचे पाणी पाणी कसे होते, ते आपण आता पाहावे.

"विमल सापडत नाही! विमल विहिरीत पडली!"

हैदराबाद शहरातील गौलीगुडा भागात एका सरकारी दफ्तराच्या आवारात हा आक्रोश उठला, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. आवाराच्या मागील बाजूस तातेराव दफ्तरींचे दोन खोल्यांचे घर होते, आणि घरासमोर बिनकठड्याची जुनी विहीर. विहिरीच्या काठावर विमलची एक चप्पल पडलेली होती. एवढा पुरावा मोठ्या माणसांना पुरेसा वाटला! तातेरावांनी कमरेला दोर बांधला आणि ते स्वतः पाण्यात उतरले. विमलची आई पंचफुला काठावर बसून दोन्ही हातांनी जमीन बडवू लागली.

"माझं लेकरू! अगं विमे, ओ दे गं!"

तुळशीच्या कुंडीजवळ तीन मुले मात्र दगडासारखी उभी होती. विमलची थोरली बहीण सुनीता तेरा वर्षांची, भाऊ यशवंत अकरा वर्षांचा, आणि शेजारच्या वकिलांचा मुकुंद सुनीताच्याच वर्गातला. दिवाळीची सुटी लागून दोनच दिवस झाले होते.

"ताई," यशवंत म्हणाला, "माझ्यावर राज्य होतं. मी तिला शोधलंच नाही."

"म्हणजे?"

"आपण लपाछपी खेळत होतो ना? तेवढ्यात बैलांच्या बंड्या आल्या. हमाल कपाटं उचलायला लागले. मी तेच बघत बसलो. मग तुम्ही दोघं आपणहून बाहेर आलात आणि..."

"आणि विमीला खेळ संपला असं कुणी सांगितलंच नाही!" सुनीताने कपाळावर हात मारून घेतला.

येथे थोडा खुलासा करणे अगत्याचे आहे. दुसऱ्या दिवसापासून हैदराबाद राज्य उरणार नव्हते. मराठी जिल्हे मुंबई राज्यात, तेलुगू जिल्हे आंध्रात आणि कानडी जिल्हे म्हैसुरात जाणार होते. त्यामुळे दफ्तरांतील कागदांचीच नव्हे, तर टेबले, दौती आणि कपाटे यांचीही वाटणी चालली होती. आठ दिवसांपासून हणमंतराव कारकून आणि सुब्बय्या कारकून एकेका खुर्चीवरून भांडत होते. हणमंतराव औरंगाबादला निघाले होते. सुब्बय्या येथेच राहणार होते. त्या दिवशी सकाळी रिकामी कपाटे ओसरीवर मांडून ठेवली होती, आणि दुपारी बंड्या येताच त्यांना कागद चिकटवून आणि लाखेची मोहर उठवून ती बैलांच्या बंड्यांवर चढविण्यात आली होती.

"ती विहिरीकडे जाणारच नाही," मुकुंद म्हणाला. "परवा बेडूक बघून केवढी घाबरली होती!"

"पण चप्पल?"

"चप्पल काय, तिची एक चप्पल रोज कुठंतरी पडलेलीच असते."

सुनीता धावत फाटकापर्यंत गेली, आणि तेथेच खिळली. फाटकाच्या गंजलेल्या बिजागरीत वीतभर लाल दोरा अडकून वाऱ्यावर हलत होता.

"हा माझा दोरा आहे!"

"लाल दोरे काय, सगळ्या गल्लीत असतात," यशवंत म्हणाला.

"नाही रे! हे बघ, कसा वळ्यावळ्यांचा झालाय. विणलेला दोरा उसवला की असाच कुरळा होतो. ही फुलपाखराच्या पिशवीची किनार आहे!"

ती पिशवी सुनीताने पंधरा दिवस खपून विणली होती. कोठी भागातल्या दुकानातून उरल्यासुरल्या रंगांच्या दोऱ्यांचे गुंडे आणून, मधोमध काळे अंग, त्याला लागून पिवळे पंख, त्याभोवती हिरवा पट्टा आणि सर्वांत शेवटी लाल किनार, असे ते फुलपाखरू होते. यशवंत त्याला वटवाघूळ म्हणे. विमलने मात्र त्याच्यासाठी असा हट्ट धरला, की त्या सकाळी सुनीताने ते तसेच तिच्या गळ्यात अडकवले होते.

"मी शेवटची गाठ मारलीच नव्हती," सुनीता पुटपुटली. "शेवटचा टाका बांधला नाही, तर टोक ओढताच सगळं विणकाम उसवत जातं. मुकुंद, ती पिशवी या फाटकातून बाहेर गेलीय. आणि पिशवी विमीच्या गळ्यात आहे!"

मुकुंदाचा चेहरा पांढराफटक पडला.

"कपाट," तो म्हणाला. "ती कपाटात लपली असणार."

ती कपाटे जाड सागवानाची होती आणि आतून त्यांना जस्ताचा पत्रा मारलेला होता, जेणेकरून वाळवी शिरू नये. जिथे वाळवी शिरत नाही, तिथे वारा कितीसा शिरणार!

सुनीता विहिरीकडे धावली. "माय! विमी विहिरीत नाही! ती कपाटात..."

"बाजूला हो गं!" पंचफुलाबाईंना काही ऐकू येत नव्हते. "तुझे बाबा खाली आहेत, दोराला धक्का लागंल!"

दोर धरणाऱ्या चौघांनीही मुलांना हाकलून दिले. बंड्या निघून एक तास झाला होता.

"चला!" सुनीता म्हणाली. आणि ती तिघे अनवाणीच धावत सुटली.

रस्त्यावर दिवाळीच्या बाजाराची झिम्मड उडाली होती. पणत्यांचे ढीग, फटाक्यांची दुकाने, सायकलरिक्षांच्या घंटा! त्यातून ती मुले माना खाली घालून, डांबरावर डोळे रोखून धावत होती. कोणी शिव्या दिल्या, कोणी हसले. एका विजेच्या खांबापाशी त्यांना आणखी एक लाल तुकडा मिळाला. त्यानंतर बराच वेळ काहीच नाही. कोठीच्या चौरस्त्यावर पोहोचेपर्यंत यशवंताच्या टाचेतून रक्त येऊ लागले होते.

आणि तेथे रस्ता दुभंगला. डावीकडचा रस्ता सैफाबादेस जाई. आंध्राच्या वाट्याची कपाटे तिकडे जाणार होती. उजवीकडचा काचीगुडा स्टेशनास जाई. तेथून औरंगाबादची मालगाडी पाच वाजता सुटणार होती.

"सापडला!" यशवंत डावीकडून ओरडला. त्याच्या हातात हिरवा दोरा होता. "एका हातगाड्याच्या दांडीला अडकला होता! सैफाबाद! चला!"

"थांब!" मुकुंद उजवीकडून ओरडला. "मलाही मिळाला. पिवळा!"

दोन रस्ते, दोन दोरे. सुनीताच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. चुकीचा रस्ता धरला, तर तिकडे जाऊन परत येईपर्यंत...

"दोघं दोन्हीकडे जाऊ या," यशवंत रडू लागला.

"आणि तिथं तुझं एकट्याचं कोण ऐकणार? नक्को!" मुकुंद म्हणाला. "सुनीता, तू विणलंयस. तूच विचार कर."

सुनीताने डोळे मिटले. तिला आपली बोटे चालताना दिसू लागली. आधी काळी साखळी. मग पिवळ्या टाक्यांचे खांब. मग हिरवे. मग लाल.

"विणताना जो रंग सर्वांत शेवटी घातला, तो उसवताना सर्वांत आधी निघतो," ती हळूहळू बोलू लागली. "लाल निघाला फाटकात. लालच्या मागून हिरवा निघणार. हिरवा संपल्याशिवाय पिवळ्याला हातच लागत नाही! म्हणजे बंडी आधी सैफाबादेच्या रस्त्याला गेली आणि मागे वळली."

"वळेल कशाला?"

"ते दोघे कारकून आठ दिवस भांडतायत, विसरलास? बंडीवाल्याला एकानं एक सांगितलं असेल, दुसऱ्यानं दुसरं! पिवळा हिरव्यानंतरचा आहे. काचीगुडा!"

"अगर चुकलं तर?" मुकुंदाने विचारले.

पण सुनीता धावू लागली होती.

काचीगुड्याच्या मालधक्क्यावर ती तिघे पोहोचली, तेव्हा घड्याळात सव्वाचार वाजले होते. इंजिन वाफ सोडीत होते, हमाल ओरडत होते, आणि धक्क्यावर हुबेहूब एकसारखी साठ कपाटे सैनिकांप्रमाणे रांगेने उभी होती. प्रत्येकावर पांढरा कागद, प्रत्येकावर तांबडी लाख. हणमंतराव हातात यादी घेऊन उभे होते, आणि दहा पावलांवर, आपले एखादे कपाट पळवले जात नाही ना, हे पाहण्यासाठी सुब्बय्या डोळ्यांत तेल घालून बसले होते.

"विमी! विमी!" मुले कपाटे बडवीत धावू लागली.

"अरे, अरे! सरकारी मालाला हात लावू नका!" हणमंतराव धावले. "तुम्ही तातेरावांची पोरं ना?"

"काका, आमची विमल कपाटात आहे!"

"छे! ती विहिरीत पडल्याचं मी बंड्यांच्या मागून निघालो तेव्हा ऐकलं. फार वाईट झालं. पण प्रत्येक कपाट मी स्वतः उघडून, आत पाहून मगच मोहर लावली आहे."

"ताई! इथं!" यशवंत किंचाळला.

रांगेतल्या सातव्या कपाटाच्या फटीतून, चिकटवलेल्या कागदाच्या खालून, बोटभर पिवळा दोरा बाहेर आला होता. त्याच वेळी चार हमालांनी ते कपाट उचलण्यासाठी हात घातला. सुनीताने दाराला मिठी मारली.

"काका, उघडा! पाया पडते तुमच्या!"

हणमंतरावांनी कपाटावर टकटक केले. आतून काही आवाज आला नाही.

"ऐकलंस? रिकामं आहे. मोहर मोडायची तर पंचनामा करा, वरिष्ठांची सही आणा, यादी नव्यानं लिहा. पाचची गाडी तुझ्यासाठी थांबायची नाही, बाळ. दोरा काय, कुठूनही अडकतो. उचला रे!"

कपाट जमिनीपासून वीतभर वर उचलले गेले. सुनीताचे पाय फरफटत निघाले. आतून आवाज आला नाही, याचा अर्थ तिला कळत होता, आणि तो तिला कळून घ्यायचा नव्हता. तिने लाखेवर नखे रोवली. एका हमालाने तिला दूर सारले.

तेव्हा मुकुंद वकिलाचा मुलगा शोभला! हणमंतरावांशी एक शब्दही न बोलता तो थेट सुब्बय्यांपुढे जाऊन उभा राहिला आणि साऱ्या धक्क्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "सुब्बय्यागारु! उस सात नंबर के कपाट में जो है, वो औरंगाबाद का नहीं है! वो हैदराबाद का है, हैदराबाद में ही रहनेवाला है! और ये लोग ले जा रहे!"

यात एक अक्षरही खोटे नव्हते.

सुब्बय्या ताडकन उठले. "क्या बोला? हमारा? एमंडी हणमंतराव साब! मैं सुबह से बोल रहा था, तुम हमारा माल दबाके ले जाते! रखो नीचे!"

"तुमचं? काय तुमचं आहे त्यात? रिकामं कपाट आहे!"

"खाली है तो खोल के दिखाओ ना! डरते क्यों?"

"मी डरतो?" हणमंतराव लालबुंद झाले. "मी डरतो? हे बघा!"

आणि ज्या मोहरेसाठी लेकराच्या विनवण्या व्यर्थ गेल्या होत्या, ती मोहर एका टोमण्यासरशी फुटली! हणमंतरावांनी कागद टराटरा फाडला, कडी काढली आणि दार सताड उघडले.

"पाहा! रिका..."

ते एक पाऊल मागे सरले.

तळाच्या फळीवर विमल मान टाकून पडली होती. तिचे केस घामाने निथळत होते, ओठ काळेनिळे झाले होते. उसवलेल्या दोऱ्यांच्या गुंत्यात तिचे दोन्ही हात गुरफटले होते, आणि मुठीत फुलपाखराचे तेवढे काळे अंग शिल्लक होते.

सुनीताने तिला उचलून छातीशी धरले. "विमी! ए विमी! डोळे उघड गं!"

विमल हलली नाही. सुब्बय्यांनी आपल्या फिरकीच्या तांब्यातले पाणी तिच्या तोंडावर शिंपडले, धोतराच्या सोग्याने वारा घातला. हमाल भोवतीने दाटले. "दूर सरा! हवा येऊ द्या!" मुकुंद दोन्ही हात पसरून त्यांना मागे रेटीत होता. यशवंत तिचे तळवे चोळत होता आणि मोठमोठ्याने म्हणत होता, "विमे, मी तुला पकडलं! आता माझ्यावरच राज्य! रोज माझ्यावर राज्य! ऊठ ना!"

एक क्षण गेला. दोन गेले. आणि मग विमलने एक लांब, खरखरीत श्वास ओढला, तोंड वाकडे केले आणि असा काही गळा काढला, की त्यापुढे इंजिनाची शिटीही फिकी पडावी!

"शभाष!" सुब्बय्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. "शभाष रे बच्चों!"

स्टेशनवरच्या टेलिफोनवरून दफ्तरात निरोप पोहोचताच तातेराव ओल्या कपड्यांनिशी, कमरेचा दोर तसाच लोंबत असता, रिक्षातून उडी टाकून आले. मागे पंचफुलाबाई होत्या. त्यांनी विमलला घेतले ते पदरात झाकूनच टाकले. तातेरावांनी तिन्ही मुलांच्या डोक्यांवरून आळीपाळीने हात फिरवला. अखेर ते म्हणाले, "मी पाण्यात तळ शोधत होतो. तुम्ही रस्त्यावर दोरा शोधलात. लेकरांनो, तुम्ही आमच्यापेक्षा शहाणे निघालात."

हणमंतराव एका बाजूला खाली मान घालून उभे होते.

"तातेराव," ते म्हणाले, "मी एकही कपाट उघडून पाहिलं नव्हतं. बंड्या आल्या तेव्हा घाई होती. हमालानं 'खाली है' म्हटलं आणि मी मोहर लावत गेलो. या मुलीला मी खोटं सांगितलं."

तेवढ्यात स्टेशनमास्तर घड्याळ दाखवीत आले. "हणमंतराव, पाच वाजले. माल चढवा. हिरवा बावटा देतो."

"थांबा," हणमंतराव म्हणाले.

त्यांनी यादी खिशात घातली आणि ते पहिल्या कपाटापाशी गेले. त्यांनी मोहर फोडली, दार उघडले आणि वाकून आतला कानाकोपरा हाताने चाचपून पाहिला. मग दुसरे. मग तिसरे. चौथ्या कपाटापाशी सुब्बय्या निमूटपणे उठले आणि रांगेच्या दुसऱ्या टोकाकडून मोहरा फोडू लागले. आठ दिवस खुर्च्यांवरून भांडलेले ते दोन कारकून एक शब्दही न बोलता एकमेकांकडे सरकत होते, आणि तीन मुले धक्क्यावर बसून ते पाहत होती.

उरलेली एकोणसाठही कपाटे रिकामी निघाली. औरंगाबादची मालगाडी त्या दिवशी अर्धा तास उशिरा सुटली.

वाचकहो, माझे शिक्षण बेताचे आहे. लिहिण्यात काही न्यून राहिले असल्यास आपण ते पोटात घालावे. एवढा वेळ मजजवळ बसून आपण ही कथा ऐकलीत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
एकनाथराव हिम्मतराव गजभारे
कुकटपल्ली, हैदराबाद